धामारीचा दरोडा आणि रोजनिशीची साक्ष

शिरूर तालुक्यातील धामारी या लहानशा गावावर फेब्रुवारी १८७९ मध्ये दरोडा पडला. हाती लागलेली लूट बेताचीच होती. पण या दरोड्याचा म्होरक्या काही महिन्यांपूर्वीपर्यंत पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करीत होता. वासुदेव बळवंत फडके हे त्याचे नाव.

फडक्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोण येथे झाला. आई मृत्युशय्येवर असताना वेळेवर रजा मिळाली नाही, हे शल्य त्यांना जन्मभर राहिले. व्याख्याने, स्वदेशीचे व्रत, वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या समवेत काढलेली शिक्षणसंस्था, अशा सनदशीर वाटाही त्यांनी चोखाळून पाहिल्या. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ आला आणि त्यांचा धीर सुटला.

ज्या मुलुखात त्यांनी शस्त्र उचलले, तो आधीच धुमसत होता. मे १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आणि दौंडही त्याच तालुक्यात मोडे. शिरूरपर्यंत झळ पोचलेल्या या दंग्यांत कुळांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. अशा प्रदेशात रामोशी, कोळी, धनगर साथीदार मिळणे फडक्यांना कठीण गेले नाही. लुटीचा पैसा त्यांना सैन्य उभारण्यासाठी हवा होता. सरकारदरबारी मात्र त्याची नोंद दरोडा अशीच झाली.

दरोड्याच्या खटल्यात खरा पेच असतो तो ओळखीचा. रात्रीची वेळ, मशालींचा हलता उजेड, जिवाची भीती. अशा घटकाभरात पाहिलेला चेहरा महिन्यांनंतर न्यायालयात ओळखायचा. साक्षीदार प्रामाणिक असला तरी चुकू शकतो. संशय किती सहज भलतीकडे वळतो, हे पुण्याने त्याच वर्षी पाहिले. मे १८७९ मध्ये बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा आगीत सापडले, तेव्हा सर्वांची नजर प्रथम फडक्यांच्या माणसांकडे गेली. प्रत्यक्षात ते कृत्य एका सरकारी नोकराचे निघाले.

फडक्यांच्या बाबतीत हा पेच त्यांनी स्वतःच सोडवून ठेवला होता. एप्रिलमध्ये श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या पायाशी देह ठेवण्याच्या विचाराने ते गेले असता त्यांनी तेथे आत्मचरित्र लिहून काढले. रोजनिशीही ते ठेवीत. ही दोन्ही बाडे पोलिसांच्या हाती पडली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नसे. पण अटकेपूर्वी स्वेच्छेने लिहिलेल्या मजकुराला ते बंधन नव्हते. अक्षराची ओळख पटवण्यासाठी ते परिचित असलेल्या माणसाची साक्षही कायद्याला चाले. ज्याची उमेद सरकारी दप्तरात लिहिण्यात गेली, त्याचे अक्षर ओळखणारे पुण्यात थोडे नसणार.

मेजर डॅनियल आणि निजामाच्या पोलीस दलातील अब्दुल हक यांनी २० जुलै १८७९ रोजी विजापूरकडील देवर नावडगी येथे तापाने फणफणलेल्या फडक्यांना पकडले. संगमावरील न्यायालयात खटला उभा राहिला. आरोप केवळ दरोड्याचा नव्हता. सरकारविरुद्ध युद्धाची जुळवाजुळव आणि राजद्रोहही त्यात होता. त्या काळी अशा आरोपीची बाजू घेणे म्हणजे सरकारची नाराजी ओढवून घेणे. तरीही सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी पुढे आले. महादेव चिमणाजी आपटे हेही बचावाला उभे राहिले. परंतु साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते, त्याच्या नजरेवर शंका घेता येते. अशिलाच्याच हस्ताक्षराची उलटतपासणी कशी घेणार? नोव्हेंबरमध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ती कायम राहिली.

एडनच्या तुरुंगातूनही कोठडीचे दार बिजागरीतून उखडून ते निसटले, पण लवकरच पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचा प्रमुख साथीदार दौलतराव नाईक मे १८७९ मध्येच डॅनियलच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत गोळी लागून पडला होता; तो खटल्यापर्यंत पोचलाच नाही.