पंडिता रमाबाईंची सोबत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले, तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव सुचविले. त्यांची विद्वत्ता, त्यांचे शारदा सदन, त्यांच्यावरून माजलेले वाद हे भगिनींनी थोडेबहुत वाचलेले असेलच. मला लिहावयाचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी. देव क्षणोक्षणी आपल्याजवळ आहे, ह्या एका भरवशावर ह्या बाईंनी दीड-दोन हजार जणींचा संसार चालविला. तो भरवसा त्यांना सहज मिळाला नव्हता.

रमाबाई जन्मल्या २३ एप्रिल १८५८ रोजी, सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी बायकोला संस्कृत शिकविले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. त्याच आईने, लक्ष्मीबाईंनी, पुढे लेकीला भल्या पहाटे उठवून पाठ दिले. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब गावोगाव हिंडले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने गाठले. होते नव्हते ते विकून झाले, आणि वडील, आई, थोरली बहीण अशी एकामागून एक गेली.

उरली रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघे शेकडो कोस पायी भटकली. पंजाबात झेलम नदीच्या काठी एकदा पांघरायला काही नव्हते, तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. ज्यांच्यासाठी बापाने सर्वस्व वाहिले त्या देवांनी ओ दिली नाही, असे त्या मुलीच्या मनाने घेतले. आपल्यांतल्या कोणाला हे टोचेल. पण सोळा-सतरा वर्षांच्या उपाशी पोरीशी वाद कसला घालावयाचा?

१८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्या वकिलांशी विवाह झाला, १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पती गेले. सिल्चरच्या त्या घरात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत हाती लागली होती. तिथून त्यांचे मन ख्रिस्ताकडे ओढू लागले. मग पुण्यात येऊन आर्य महिला समाजाची स्थापना, १८८३ मध्ये इंग्लंड, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा. पुढे अमेरिका, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन. हे सारे सर्वांना ठाऊक आहे म्हणून मी भराभर सांगून टाकते.

मला थांबावेसे वाटते ते पुढच्या एका कबुलीपाशी. बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे. बुद्धीला पटले होते, पण मनाला स्वस्थता नव्हती. १८९१ च्या सुमारास ती आली. आपण कितीही अपुऱ्या असलो तरी तो आपल्याला सोडून जात नाही, हे त्यांनी विद्वत्ता बाजूला ठेवून लहान मुलासारखे मानले. एवढी शास्त्रे मुखोद्गत असलेल्या बाईला हे मान्य करावयास किती जड गेले असेल! मला तर त्यांच्या सगळ्या पदव्यांहून ही कबुली मोठी वाटते.

कसोटी लौकरच लागली. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात ह्यावरून गहजब झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भुकेची ओळख असलेल्या रमाबाई तिकडे धावल्या आणि त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. पुण्यात प्लेग, तेथे इतक्या जणींना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या जमिनीवर नेले. तेच ‘मुक्ती’. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

माझ्या माहेरची वाट पुणे-दौंड मार्गावरचीच, त्यामुळे केडगाव स्टेशन मी किती वेळा ओलांडले त्याची गणती नाही. बाहेरचे ते कोरडे माळ पाहिले की माझ्या मनात पाण्याचाच विचार येतो. एका अवर्षणाच्या वर्षी तेथील दोन विहिरी रोज संध्याकाळपर्यंत उपसून कोरड्या होत, आणि उद्याला पाणी नाही असे कोणी ना कोणी येऊन सांगे. सकाळी पुन्हा पाणी जमलेले असे. ह्याला चमत्कार म्हणा की झऱ्याचा गुण. रमाबाई एवढेच करीत की, रात्री प्रार्थना करीत आणि सकाळी दोर सोडवीत.

मुक्तीसाठी कोणाचे ठरलेले वार्षिक साहाय्य नव्हते. पत्रकातून हकीकत कळवावयाची आणि उरलेले देवावर सोडावयाचे, अशी रीत. पण देवावर सोडणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. मुली शेतात राबत, कापड विणत, घाण्यावर तेल काढीत, छापखान्यात खिळे जुळवीत. आपण संसारात पाहतोच, डबा रिकामा झाला की भरवसा आधी जातो. रमाबाईंनी तो रिकाम्या डब्यापुढे सांभाळला, तोही हजारो डोळे आपल्याकडे लागलेले असताना.

तरीही ह्या सोबतीने त्यांना दुःखातून वगळले नाही. ज्या मनोरमेवर सगळा भार टाकून निश्चिंत व्हावयाचे, ती २४ जुलै १९२१ रोजी, चाळिशीतच, आईच्या आधी गेली. आई तेव्हा त्रेसष्ट वर्षांची, कानांनी अधू झालेली. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती लेक. अशा वेळी देव जवळ आहे असे म्हणणाऱ्या बाईकडे पाहून मला आधी रागच येतो, मग मान खाली जाते.

त्यांनी हातातले काम टाकले नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या मूळ ग्रंथावरून सबंध बायबल मराठीत आणीत होत्या. भाषा जाणूनबुजून साधी, संस्कृत शब्दांचा बोजा नसलेली. खेड्यातल्या, नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला ते स्वतः वाचता यावे म्हणून. भाषांतर हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये. त्याची पाने मुक्तीच्या छापखान्यातच, दुष्काळातून वाचलेल्या मुलींच्या हातांनी जुळविली होती.