इंद्रायणीत गेलेले कागद

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आषाढवारीत तुकोबारायांची पालखी आपल्या बारामतीत मुक्कामाला येते. पुढे काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, मग इंदापूर. आपण पादुकांवर डोकं ठेवतो. पण त्या पादुकांचे धनी पिढीजात सावकार होते, हे सहसा ध्यानात येत नाही.

देहूच्या मोरे घराण्याकडे महाजनकी, शेतीवाडी, दुकान, सावकारी असं सगळं होतं. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी विरक्त, त्यामुळे व्यवहाराचा भार लहान वयातच तुकोबांवर आला. आईवडील निवर्तले. पाठोपाठ १६२९-३० चा भीषण दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, दिवाळं निघालं. पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. पैशाबरोबर गावातला मानही गेला.

तुकोबा डोंगरावर एकांतात जाऊन बसले. धाकटे कान्होबा शोधत आले. चरित्रकार सांगतात, की तेव्हा तुकोबांनी कर्जखतं मागवली, निम्मी कान्होबांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली.

मी जन्मभर बँकेत खातेवह्या सांभाळल्या. कर्ज बुडीत म्हणून लिहून टाकलं, तरी त्याचा कागद कुणी फेकत नाही. वसुलीचा हक्क उरतोच. तुकोबांनी तो हक्कच सोडला. दुष्काळाने कुळंही नागवली आहेत, हे स्वतःचं घर गमावलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. पण भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणं सोपं असतं, ते त्यांनी केलं नाही. यापुढची ओढाताण दुसऱ्या पत्नी जिजाईंनी सोसली, हेही आपण विसरू नये.

पुढे त्याच इंद्रायणीत आणखी काही कागद गेले. अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, तेव्हा तुकोबा तेरा दिवस अन्नपाणी सोडून काठावर बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरा आहे. कर्जखतांसाठी ते घटकाभरही बसले नव्हते.

मला वाटतं, सगळं उत्तर इथेच आहे. घर, दुकान, महाजनकी गेली म्हणून तुकोबा उणे झाले नाहीत. अभंगांसाठी मात्र त्यांनी प्राण पणाला लावले, कारण तिथे ते स्वतः होते. १६५० साली ते वैकुंठाला गेले. ती कर्जखतं कुणाकुणाच्या नावाची होती, हे आज कुणालाही ठाऊक नाही. अभंग मात्र दरवर्षी आपल्या दारावरून गात जातात.

निवृत्त झालो तेव्हा खुर्ची गेली, सलाम कमी झाले, अन् काही दिवस मी कोण हेच कळेना. त्या आषाढात पालखीपुढे उभा राहिलो आणि मनाला विचारलं, तू कोणत्या कागदासाठी तेरा दिवस उपाशी बसशील? उत्तर अजून शोधतो आहे. दत्तजयंतीच्या निमित्ताने आपणही शोधावं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!