मापात न बसणाऱ्यांची लीना

मैत्रिणींनो, सणासुदीला रेडिमेड कुर्ता घ्यायला आपण दुकानात जातो. रंग आवडतो, कापड आवडतं, भावही जमतो आणि नेमका लेबलवरचा आकडा आडवा येतो. काउंटरवरचा मुलगा एकदा वरून खाली बघतो आणि यात मोठं माप येत नाही म्हणून सांगून मोकळा होतो. आता दुकान त्याचं, माल त्याचा, मोठं माप न ठेवायचं हेही त्यानंच ठरवलेलं. पण मान खाली जाते ती आपली. जणू काही गुन्हा आपल्या अंगानंच केलाय!

खोट बाईच्या अंगात नसून कपड्याच्या मापात आहे, हे ओळखणारी एक बाई शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत होऊन गेली. नुसतं ओळखून ती थांबली नाही, त्यावर तिनं मोठा व्यवसाय उभा केला. तिचं नाव लीना. हो, अगदी आपल्या शेजारणीचं असावं तसं. जग मात्र तिला लेन ब्रायंट या नावानं ओळखतं. हे नाव कसं पडलं तीही एक गंमतच आहे, ती पुढे सांगते.

लीना हिमेलस्टाइनचा जन्म लिथुआनियातल्या एका ज्यू कुटुंबात झाला. जन्मानंतर काही दिवसांतच आई गेली. घरच्या वडीलधाऱ्यांनी तिला लहानाचं मोठं केलं. त्या काळी पूर्व युरोपातली हजारो ज्यू कुटुंबं गरिबीला आणि छळाला कंटाळून अमेरिकेची वाट धरत होती. १८९५ मध्ये लांबच्या नातेवाइकांबरोबर लीनाही बोटीत बसली. वय होतं जेमतेम सोळा. वाटेत तिला कळलं की, या मंडळींनी आपल्याला फुकट आणलेलं नाही, त्यांच्या मुलाशी आपलं लग्न लावायचा त्यांचा बेत आहे. सोळा वर्षांच्या, परक्या देशात निघालेल्या, भाषा न येणाऱ्या मुलीनं काय करावं? लीनानं सरळ नकार दिला आणि न्यूयॉर्कला आधीच येऊन राहिलेल्या आपल्या बहिणीचं, अॅनाचं घर गाठलं. मला तर वाटतं, पुढची सगळी लीना या एका नकारात दिसते.

न्यूयॉर्कमध्ये बायकांचे आतले कपडे शिवणाऱ्या एका ठिकाणी तिला काम मिळालं. पगार आठवड्याला एक डॉलर. तिथं ती मशीन चालवायला शिकली. हातात कसब होतं. चार वर्षांत ती आठवड्याला पंधरा डॉलर कमवू लागली. १८९९ मध्ये डेव्हिड ब्रायंट नावाच्या जवाहिऱ्याशी तिचं लग्न झालं. संसार सुरू झाला, वर्षभरात राफाएल हा मुलगा झाला. आणि मूल सहा महिन्यांचंही नसेल तोच डेव्हिड वारला.

विशीतली विधवा, कडेवर तान्हं मूल. लीना पुन्हा बहिणीच्या आसऱ्याला आली. नवऱ्यानं लग्नात दिलेले हिऱ्याचे कानातले तेवढे तिच्याकडे शिल्लक होते. ते तिनं गहाण टाकले आणि शिलाई मशीन घेतलं. आपल्या गावांतूनही अशा किती बायका मी पाहिल्या आहेत! अंगावरचा शेवटचा दागिना मोडून मशीन घेतात आणि त्या मशीनवर पोरं शिकवतात. म्हणून या सातासमुद्रापलीकडच्या बाईची गोष्ट वाचताना ती मला अजिबात परकी वाटत नाही.

लेस आणि रेशमाचे नाजूक गाऊन, नववधूंचे कपडे ती शिवू लागली. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. १९०४ मध्ये तिनं न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर, १२०व्या रस्त्याच्या आसपास, छोटं दुकान थाटलं. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. धंद्यासाठी बँकेत खातं उघडायची वेळ आली. त्या कागदावर लीनाची अक्षरं उलटसुलट होऊन लेन झालं. ते दुरुस्त करून मागायला तिला संकोच वाटला, म्हणून तिनं तेच नाव ठेवलं. लेन ब्रायंट हे पुढे घराघरांत पोचलेलं नाव असं एका कागदावरच्या गडबडीतून जन्माला आलं!

एक दिवस एक गिऱ्हाईक तिच्याकडे आलं. बाईला दिवस गेले होते. तिला असा पोशाख हवा होता की, अंगाला काचणार नाही आणि चारचौघांत जाताही येईल. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळी अमेरिकेत प्रतिष्ठित घरातल्या बाईनं पोट दिसू लागल्यावर बाहेर पडायचंच नाही, अशी रीत होती. गरोदर हा शब्द चारचौघांत उच्चारणंही असभ्य. अंगात घट्ट आवळलेला कॉर्सेट घालायचा, नाहीतर घरात बसायचं. म्हणजे बघा, आपल्याकडे डोहाळजेवणाला पोटुशीला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून, झोपाळ्यावर बसवून सगळ्या गल्लीला बोलावतात. आणि सुधारलेल्या म्हणवणाऱ्या त्या देशात तीच अवस्था लपवायची होती. बाईचं शरीर तेच, फक्त बघणाऱ्याची नजर गावागणिक बदलते.

लीनानं युक्ती काढली. वरचा भाग आणि खालचा बारीक चुण्यांचा घोळदार स्कर्ट यांच्यामध्ये तिनं इलॅस्टिकची पट्टी घातली. पोट वाढेल तशी पट्टी ताणली जाणार, चुण्या उलगडणार, आणि बाहेरून पोशाख नीटनेटका दिसणार. शिवणकाम येणाऱ्या मैत्रिणींना यातली खुबी लगेच कळेल. एवढीशी पट्टी, पण तिनं कितीतरी बायकांना घराबाहेर काढलं. पाच नंबरचा गाऊन म्हणून तो प्रसिद्ध झाला आणि हातोहात खपू लागला.

१९०९ मध्ये लीनानं अल्बर्ट माल्सिन या इंजिनिअरशी दुसरं लग्न केलं. तोही लिथुआनियाचाच. पहिल्या मुलाला त्यानं आपलं मानलं आणि पुढे त्यांना आणखी तीन मुलं झाली. हिशेब, मालाचं उत्पादन, विक्री हे अल्बर्टनं सांभाळायचं आणि कपडे कसे असावेत ते लीनानं ठरवायचं, अशी कामाची वाटणी झाली. अडचण होती ती जाहिरातीची. गरोदर बायकांच्या कपड्यांची जाहिरात छापायला वर्तमानपत्रं तयार नव्हती. शेवटी १९११ मध्ये न्यूयॉर्क हेरल्ड या पत्रानं ती छापली आणि दुसऱ्या दिवस संपायच्या आत दुकानातला सगळा माल संपला! ज्यांना दुकानात यायचीही लाज वाटत होती त्यांच्यासाठी त्यांनी टपालानं माल पाठवायला सुरुवात केली. कॅटलॉग घरी यायचा, बाई निवांत बघून मागणी नोंदवायची आणि पार्सल दारात. १९१७ पर्यंत वर्षाची विक्री दहा लाख डॉलरच्या पुढे गेली.

आता येते आपल्या विषयाची खरी गोष्ट. बाळंतपण होऊन गेलं तरी कित्येक बायकांचं अंग पूर्वीसारखं होत नाही. आणि कित्येकजणी मुळातच अंगानं भरलेल्या असतात. तेव्हा रेडिमेड कपडे नवीनच येत होते आणि ते एका ठरावीक सडपातळ बांध्यासाठी शिवले जात. मोठं माप हवं असेल तर त्याच कपड्याच्या सगळ्या बाजू थोड्या थोड्या वाढवायच्या, एवढीच कारखानदारांची अक्कल. त्यानं काय होतं? छातीला बसला तर खांदे उतरतात, कमरेला बसला तर मुंढ्यात काचतो.

लीना आणि अल्बर्टनं अंदाजावर काम केलं नाही. दुकानात येणाऱ्या सुमारे ४,५०० स्थूल बायकांची मापं त्यांनी घेतली. अंगाच्या वळणाप्रमाणे वाकणारी खास पट्टी त्यासाठी वापरली. शिवाय एका विमा कंपनीकडून सुमारे दोन लाख बायकांच्या मापांची माहिती मिळवली. त्यातून निघालं काय, तर जाड बाई ही एकाच साच्याची नसते. तिचे ढोबळमानानं तीन प्रकार आहेत. कुणी वरून भरलेली, कुणी खालून, कुणी सगळीकडे सारखी. मग त्या प्रत्येक बांध्यासाठी त्यांनी वेगळं कटिंग तयार केलं. १९२३ मध्ये विक्री पन्नास लाख डॉलरवर गेली आणि मोठ्या मापाच्या कपड्यांनी गरोदर बायकांच्या कपड्यांनाही मागे टाकलं.

काळ बघा कोणता! विसाव्या शतकातली ही विशी म्हणजे फॅशनच्या जगात सपाट छातीच्या, काटकुळ्या मुलींचं राज्य. मासिकं त्यांच्या चित्रांनी भरलेली. आणि त्याच वेळी लाखो बायका मुकाट्यानं लीनाच्या कॅटलॉगमधून कपडे मागवत होत्या. मासिकातली बाई वेगळी आणि घराघरातली बाई वेगळी, हे तेव्हाही खरंच होतं.

वर्षानुवर्षं मी बायकांच्या शिवणवर्गाचं काम बघते. नवीन मुलीला टेप धरायला शिकवलं की, पहिल्याच दिवशी लक्षात येतं, माप द्यायला उभी राहिलेली बाई पोट आत घेते. श्वास धरून दिलेल्या मापाचं ब्लाउज मग जेवायला बसलं की काचणारच! आम्ही मुलींना सांगतो, आधी बाईशी दोन शब्द बोला, तिला सैल होऊ द्या, मग टेप लावा. आकडा मोठ्यानं ओरडू नका, वहीत लिहा. लीनाबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, या बाईनं ४,५०० जणींना असंच सैलावलं असेल.

मात्र सगळंच गोड गोड सांगायचं नाही. लीनाच्या कंपनीच्या जाहिरातींत हा पोशाख घाला, सडपातळ दिसाल, असाच सूर असे. उभ्या रेघा घ्या, गडद रंग घ्या, जाडी झाकली जाईल वगैरे. म्हणजे तिनं बाईला कपडा दिला, पण अंग लपवण्यासारखंच आहे ही समजूत काही मोडली नाही. उलट थोडी पक्कीच केली म्हणा ना. दोष एकट्या तिचा नाही, काळच तसा होता. आणि हेही खरं की, जे अंग दुकानदारांच्या हिशेबातच नव्हतं, ते तिनं हिशेबात आणलं.

सौंदर्य म्हणजे बारीक अंग, हे काही जगभर चालत आलेलं नाही. सतराव्या शतकातला चित्रकार रूबेन्स याची चित्रं पाहा, त्यातल्या सुंदऱ्या चांगल्या गुबगुबीत आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशात तर जाड मुलगी म्हणजे सधन घरची, म्हणून लग्नाआधी मुलींना बळजबरीनं दूध आणि अन्न खाऊ घालायची प्रथा चालत आली. म्हणजे तिथं बारीक मुलीचे हाल! आपल्याकडेही खात्यापित्या घरची हे कौतुकाचंच बोलणं होतं. आणि आपली साडी तर कुणाचं वजन विचारतच नाही. पाचवारी असो की नऊवारी, सून नेसते तीच सासूही नेसते. माप विचारतो तो ब्लाउज. आता आपण कुर्ते, जीन्स, गाऊन वापरू लागलो आणि त्याबरोबर लेबलवरचे आकडेही घरात आले. ते आकडे आपल्या बांध्यावरून ठरलेलेच नाहीत. म्हणूनच दिल्लीपासून शिलाँगपर्यंत सहा शहरांतल्या २५,००० वर लोकांची मापं घेऊन भारतीय मापं ठरवायचं काम निफ्ट या सरकारी संस्थेनं हाती घेतलं, त्याची घोषणा २०१८ मध्ये झाली. लीनानं एका दुकानात जे केलं, तेच हे मोठ्या प्रमाणावर.

लीना नुसती पैसा करणारी बाई नव्हती. एक डॉलरवर राबलेले दिवस ती विसरली नाही. कामगारांना विमा, दवाखान्याचा खर्च, पेन्शन, नफ्यात वाटा या गोष्टी तिच्या कंपनीनं फार लवकर दिल्या. आगीत, पुरात एखाद्या गिऱ्हाइकाचे सगळे कपडे गेले, तर रेडक्रॉसमार्फत कंपनी तिला नवे कपडे पाठवी. १९४७ मध्ये टेक्सास सिटीच्या बंदरात जहाजाचा भीषण स्फोट होऊन शेकडो माणसं मेली. तेव्हा टपालानं माल मागवणाऱ्या तिथल्या ५८ बायकांचे कपडे कंपनीनं भरून दिले. विशेष म्हणजे त्यांची मापं कंपनीच्या दप्तरात होतीच! युरोपातून आलेल्या निर्वासित ज्यूंच्या मदतीलाही ती धावली.

२६ सप्टेंबर १९५१ रोजी लीना गेली. धंदा मुलांनी पुढे नेला. नंतर मालक अनेकदा बदलले, पण बँकेच्या कागदावर झालेलं ते नाव अमेरिकेतल्या दुकानांवर टिकून राहिलं.

वजन आणि तब्येत हा डॉक्टरांशी बोलायचा विषय आहे, तो टाळू नये. चालावं, जपून खावं, साखर-बीपी तपासावं. पण दहा किलो कमी झाल्यावर चांगला ड्रेस शिवीन, असं म्हणत कपाटात कापड ठेवून देणाऱ्या किती मैत्रिणी आपल्यात आहेत! कापड जुनं होतं, रंग विटतो आणि ती दहा किलोंची वाट काही संपत नाही. तर मैत्रिणींनो, या आठवड्यात ते कापड बाहेर काढा. शिंप्याकडे जा किंवा स्वतः मशीनवर बसा. माप आजचं द्या, पोट आत न घेता. आणि आपल्या लेकीसुनांची मापं घेताना त्यांच्या अंगावर शेरा मारू नका. तेवढं जरी जमलं, तरी पुढच्या पिढीतल्या एखादीची मान दुकानात खाली जायची नाही.