दगडाच्या पोटातला आवाज मोजू पाहणारा शास्त्रज्ञ : रेजिनाल्ड फेसेंडेन



उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलं की आपण आधी तो बोटाने वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. डोळ्यांना दिसत नाही ते कान सांगतो. पण तो तडा नेमका कुठे आहे, केवढा आहे, हे कान सांगू शकत नाही. त्यासाठी आवाज नुसता ऐकून भागत नाही, तो मोजावा लागतो.

आता माठाऐवजी शेतातला बोअर डोळ्यांसमोर आणा. सहा-साडेसहा इंच रुंद, काहीशे फूट खोल, आत मिट्ट काळोख आणि गढूळ पाणी. आत खडक कसा आहे, तडे कुठे आहेत, केसिंग नीट बसलंय का, हे बघायला माणूस उतरू शकत नाही. अशा ठिकाणी आज आवाज सोडून मोजमाप करतात. जमिनीत छिद्रं घ्यायची, ती पाण्याने भरायची आणि त्यात आवाज सोडून आतल्या खडकाचा शोध घ्यायचा, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी कागदावर आणली त्या रेजिनाल्ड फेसेंडेन यांची आज ओळख करून घेऊ. रेडिओच्या इतिहासात त्यांचं नाव मोठं आहे. त्यांच्या कामाची ही दुसरी बाजू मात्र शाळेत क्वचितच सांगितली जाते.

बालपण आणि शिक्षण

फेसेंडेन यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८६६ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. चार भावांमध्ये रेजिनाल्ड थोरले. गणितात त्यांची गती अशी की वयाच्या चौदाव्या वर्षीच क्वेबेकमधल्या बिशप्स कॉलेजने त्यांना लहान मुलांना गणित शिकवण्याचं काम दिलं. स्वतः शिकायचं आणि त्याच वेळी दुसऱ्यांना शिकवायचं, असं चालू होतं. पदवी मात्र त्यांनी घेतली नाही.

अठराव्या वर्षी ते बर्म्युडा बेटावर गेले. तिथल्या व्हिटनी इन्स्टिट्यूट या शाळेत ते मुख्याध्यापकही होते आणि एकमेव शिक्षकही! आपल्यापैकी एकशिक्षकी शाळेवर काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. याच बेटावर हेलन ट्रॉट यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि १८९० मध्ये लग्न झालं.

एडिसनकडे उमेदवारी

विजेचं नवं युग सुरू झालं होतं. ते आपण जवळून पाहिलं पाहिजे, या ओढीने १८८६ मध्ये फेसेंडेन न्यूयॉर्कला आले आणि थॉमस एडिसन यांच्याकडे काम मागितलं. सुरुवातीला नकारच मिळाला. पण ते चिकाटीने मागे लागले. शेवटी शहरातल्या रस्त्यांखाली विजेच्या तारा टाकण्याच्या कामावर तपासनीस म्हणून लागले. तिथून पुढे एडिसन यांच्या प्रयोगशाळेत पोचले आणि रसायनशास्त्रही शिकले. १८९० मध्ये पैशांच्या अडचणीमुळे एडिसन यांना बरीच माणसं कमी करावी लागली, त्यात फेसेंडेन यांचीही नोकरी गेली.

पण हाताला आलेलं काम कुठे जातं? १८९२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने आणि पुढच्याच वर्षी पिट्सबर्गमधल्या विद्यापीठाने पदवी नसलेल्या या माणसाला विद्युत अभियांत्रिकीचा प्राध्यापक केलं.

रेडिओचे दिवस आणि मोठा धक्का

त्या काळी बिनतारी यंत्रावरून फक्त टिंब आणि रेघांचे संदेश जात. फेसेंडेन यांना माणसाचा आवाज पाठवायचा होता. २३ डिसेंबर १९०० रोजी अमेरिकेतल्या कॉब बेटावर त्यांनी सुमारे दीड किलोमीटर अंतरावर आपलं बोलणं तारेविना पोचवून दाखवलं. आवाज खरखरीत होता, पण शब्द कळत होते. १९०६ मध्ये त्यांच्या केंद्रांनी अटलांटिक महासागरापलीकडे दोन्ही बाजूंनी संदेशांची देवाणघेवाण केली.

यश मिळत होतं, पण भांडणंही वाढत होती. ज्यांनी भांडवल घातलं त्या भागीदारांशी शोधांच्या हक्कांवरून वाद विकोपाला गेला आणि १९११ मध्ये त्यांना स्वतःच्याच कंपनीतून काढून टाकण्यात आलं. आपल्याच शोधांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढायची वेळ आली. हा वाद मिटायला १९२८ साल उजाडलं. वयाच्या पंचेचाळिशीत घडी पुन्हा पहिल्यापासून बसवायची होती. आणि नेमकं याच काळात त्यांनी एक वेगळा विषय हातात घेतला : पाण्यातला आवाज.

हिमनगाचा प्रतिध्वनी

बोस्टनची सबमरीन सिग्नल कंपनी जहाजांना धोक्याची सूचना देण्यासाठी पाण्याखाली घंटा वाजवायची. जहाजावरचे लोक यंत्राला कान लावून ती ऐकायचे. घंटा ऐकू आली की कळायचं, जवळ खडक किंवा किनारा आहे. पण घंटेत दोन अडचणी होत्या. तिच्यावरून शब्द पाठवता येत नव्हते आणि जिथे घंटा बसवलीच नाही तिथला धोका कळत नव्हता. समुद्रात तरंगणाऱ्या हिमनगाला घंटा कोण बांधणार?

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज हिमनगाला धडकून बुडालं आणि दीड हजारांहून जास्त माणसं गेली. अंधारात समोरचा हिमनग आधी कसा कळावा, हा प्रश्न साऱ्या जगापुढे उभा राहिला. त्याच वर्षी फेसेंडेन या कंपनीचे सल्लागार झाले होते. त्यांनी घंटा बाजूला ठेवली आणि विजेवर चालणारं एक यंत्र बनवलं. शक्तिशाली चुंबकाच्या क्षेत्रात तांब्याची नळी विजेच्या प्रवाहाने पुढे-मागे हलायची. नळीला जोडलेलं पोलादी पटल पाण्याला धक्के द्यायचं, सेकंदाला सुमारे ५४० वेळा. शिवाय हेच यंत्र उलट्या बाजूने कानाचंही काम करायचं. बोलणाराही तोच, ऐकणाराही तोच!

एप्रिल १९१४ मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या थंड समुद्रात ‘मियामी’ या जहाजावर चाचणी झाली. यंत्राने आवाज सोडला आणि सगळे कान टवकारून बसले. सुमारे ३ किलोमीटरवरच्या हिमनगावरून प्रतिध्वनी परत आला. एक प्रतिध्वनी समुद्राच्या तळाकडूनही आला. दोघांच्या येण्याची वेळ वेगळी होती, म्हणून ते वेगळे ओळखता आले. इथेच मोठा बदल झाला. आवाजासोबत घड्याळ आलं, आणि ऐकणं हे मोजणं झालं.

मुलांना हा हिशोब फळ्यावर करून दाखवता येईल. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. हिमनग ३ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६ किलोमीटर, म्हणजे ४ सेकंद. शेवटी दोनने भागायला विसरायचं नाही, कारण आवाज जातो आणि परतही येतो. नेमकी हीच पायरी मुलं गाळतात.

पाण्यातून जमिनीत

पहिल्या महायुद्धात फेसेंडेन यांनी आपली सेवा देऊ केली. शत्रूच्या तोफा आणि पाणबुड्या शोधण्याच्या साधनांवर त्यांनी काम केलं. आवाज समुद्राच्या तळाची बातमी आणतो, तर जमिनीखालची का आणणार नाही, असा विचार त्यांनी पुढे नेला. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांना अमेरिकेत एक पेटंट मिळालं. जमिनीतले धातूंचे साठे ध्वनीने शोधण्याची पद्धत त्यात मांडलेली होती.

यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. जमिनीत अंतराअंतरावर छिद्रं घ्यायची आणि ती पाण्याने भरायची. एकात आवाज करणारं यंत्र सोडायचं, बाकीच्यांत ऐकणारी यंत्रं. मधला खडक सारखा असेल तर आवाज ठरलेल्या वेळेत पोचेल. वाटेत वेगळ्या जातीचा खडक किंवा धातूचा साठा असेल तर वेळ बदलेल किंवा त्यावर आपटून प्रतिध्वनी येईल.

पण पाणी कशाला? कारण हवेतला आवाज खडकात जवळपास शिरतच नाही, बहुतेक भिंतीवरून परत फिरतो. पाणी यंत्र आणि खडक यांच्यामध्ये दुव्याचं काम करतं. आजही बोअरमध्ये ध्वनीने मोजमाप करायचं तर आत पाणी किंवा चिखलाचा द्रव असावा लागतो.

आज बोअरमध्ये काय मोजतात?

फेसेंडेन यांच्या हयातीत एका अरुंद बोअरच्या भिंतीची बारीक तपासणी शक्य नव्हती. तेवढी लहान यंत्रं आणि तेवढा कमी वेळ मोजणारी साधनं पुढच्या पिढ्यांनी, विशेषतः १९५० नंतर तेल शोधणाऱ्या अभियंत्यांनी तयार केली. त्यातल्या तीन पद्धती सोप्या भाषेत पाहू.

१. खडकाचा कठीणपणा : लांब नळीसारखं यंत्र केबलने आत सोडतात. त्याच्या एका टोकाला आवाज निघतो आणि थोड्या अंतरावर दोन ‘कान’ असतात. पहिल्या आणि दुसऱ्या कानात आवाज पोचण्यातला फरक मोजतात. समजा दोन्ही कानांमध्ये ३० सेंटीमीटर अंतर आहे. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर एवढं अंतर जायला पाण्यातून २०० भाग लागतात. घट्ट, कठीण खडकातून साधारण ५० ते ६०. खडक सच्छिद्र किंवा फुटका असेल तर वेळ वाढतो.

२. भिंतीचं चित्र : आणखी एका यंत्राचं डोकं गोल फिरतं आणि चहूबाजूंनी आवाजाचे बारीक ठोके सोडतं. हा आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. ठोका १०० भागांत परत आला तर भिंत साडेसात सेंटीमीटरवर आहे. १२० भागांत आला तर ९ सेंटीमीटरवर, म्हणजे तिथे भिंत ढासळलीय किंवा पोकळी आहे. तड्यावरून प्रतिध्वनी क्षीण येतो. हे सगळे ठोके जोडले की भिंतीचा नकाशा तयार होतो. पाणी गढूळ असलं की कॅमेऱ्याचं काम अडतं, ध्वनीचं मात्र चालू राहतं.

३. केसिंगमागचं सिमेंट : तेलविहिरीत लोखंडी पाईप आणि खडक यांच्यामध्ये सिमेंट भरतात. सिमेंट घट्ट बसलं नसेल तर पाईप घंटेसारखा वाजत राहतो. घट्ट बसलं असेल तर आवाज लगेच दबतो. शेवटी माठाचाच नियम, फक्त अर्थ उलटा!

आपल्या महाराष्ट्रात कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे इथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलेलं आहे. कराडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घरातल्या थोरांच्या अजून आठवणीत आहे. अशा ठिकाणी जमिनीच्या पोटात उपकरणं उतरवून मोजमाप करणं किती गरजेचं आहे, हे मुलांना पटकन कळतं.

अखेरचे दिवस

समुद्राची खोली ध्वनीने मोजणाऱ्या ‘फॅदोमीटर’ या यंत्रासाठी १९२९ मध्ये फेसेंडेन यांना सुवर्णपदक मिळालं. कोर्टातला वाद मिटल्यानंतर ते बर्म्युडाला राहायला गेले, ज्या बेटावर ते कधीकाळी एकटे शिक्षक होते. तिथेच २२ जुलै १९३२ रोजी त्यांचं निधन झालं.

शोध एकाचा, कंपनी दुसऱ्याची, नाव तिसऱ्याचं, असं त्यांच्या वाट्याला बऱ्याचदा आलं. आज बोअरमध्ये यंत्र सोडणाऱ्या अनेकांना त्यांचं नाव माहीतही नसेल. पण आवाज सोडा, वेळ मोजा, अंतर काढा, ही रीत रोज वापरात आहे.

वर्गात करून घ्या

• मुलांना बाकावर कान टेकवायला सांगा आणि दुसऱ्या टोकाला नखाने हळूच खरवडा. मग कान उचलून पुन्हा तोच आवाज ऐकायला लावा. लाकडातून जास्त स्पष्ट का ऐकू आलं, यावर चर्चा घ्या.

• एक चांगला आणि एक तडा गेलेला माठ (किंवा कप) वाजवून दाखवा. नुसतं ऐकून तड्याची जागा सांगता येते का, ते मुलांना ठरवू द्या.

• गणित : बोअरच्या तोंडाशी आवाज केला आणि पाण्यावर आपटून तो अर्ध्या सेकंदाने परत आला. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा. पाणी किती खोल आहे? (उत्तर : ८५ मीटर. १७० मीटर सांगणाऱ्या मुलाला चूक म्हणू नका, आवाज किती वेळा बोअरमधून गेला एवढंच विचारा.)

पालकांना एक विनंती. मुलांना उघड्या बोअरजवळ नेऊन हा प्रयोग करू नका. गणित वहीतच सोडवा आणि शेतातल्या बंद पडलेल्या बोअरला घट्ट झाकण आहे ना, ते आजच बघून घ्या.