जॉन स्टुअर्ट बेल

मुलांनो, नृसिंहवाडीच्या दुकानात एका डब्यात पेढे व दुसऱ्यात कवठाची बर्फी बांधली आणि एक डबा कोल्हापूरला, दुसरा सांगलीला पाठविला, असे समजा. कोणत्या डब्यात काय, हे नेणाऱ्यांना ठाऊक नाही. कोल्हापूरच्या डब्यात पेढे निघताच सांगलीला बर्फी गेली, हे तेथे न जाताच कळते. यात नवल कसले? जे ठरायचे, ते वाडीतच ठरले होते!

अतिसूक्ष्म कणांच्या जोड्यांतही दूरवर असाच मेळ आढळतो. त्यांचेही सारे आधीच ठरून गुप्तपणे त्यांच्याबरोबर जात असावे, असे आइन्स्टाइन यांना वाटे. हे मत प्रयोगाने तपासण्याची रीत ज्यांनी शोधली, ते जॉन बेल.

त्यांचा जन्म २८ जुलै १९२८ रोजी उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. घरची गरिबी. भावंडांना लवकर शाळा सोडावी लागली. जॉन यांना तेवढे पुढे शिकता आले. सोळाव्या वर्षी शाळा संपली, पण विद्यापीठात प्रवेश घेण्यास वय कमी पडले. म्हणून त्यांनी तेथीलच प्रयोगशाळेत वर्षभर मदतनिसाचे काम केले व मग तेथेच शिकले. १९६० साली ते जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत गेले.

अशी गुप्त माहिती असूच शकत नाही, असे थोर गणिती फॉन नॉयमान यांनी १९३२ मध्ये सिद्ध केल्याचे मानले जात होते. त्यांचा दबदबा एवढा, की ग्रेटे हरमान या विदुषीने १९३५ मध्ये दाखविलेल्या उणिवेकडे कोणी लक्षच दिले नाही. पुढे बेल यांनाही ती उणीव स्वतंत्रपणे आढळली. गणित बिनचूक होते. चूक होती ती आरंभी गृहीत धरलेल्या गोष्टीत.

मग त्यांनी स्वतःची गृहीते नीट मांडली. उत्तरे कणांबरोबरच जातात. एकीकडे विचारलेल्या प्रश्नाचा दुसरीकडे तत्क्षणी परिणाम होत नाही. आणि कोणता प्रश्न विचारायचा, याची निवड त्या गुप्त माहितीशी बांधलेली नसते. हे सारे खरे असेल, तर दोन्हीकडच्या उत्तरांचा मेळ एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही, असे त्यांनी १९६४ मध्ये दाखविले. पुंजसिद्धान्ताप्रमाणे मात्र तो जायला हवा.

१९७२ मध्ये फ्रीडमन व क्लाउझर यांनी, तर १९८२ मध्ये आस्पे व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. मर्यादा ओलांडली गेली. बेल यांच्या मनाचा ओढा आइन्स्टाइन यांच्याकडे होता. त्यांच्याच नियमाने कौल उलट दिला, आणि त्यांनी तो मानला. मला त्यांच्या चरित्रातील हा भाग सर्वांत मोठा वाटतो.

१ ऑक्टोबर १९९० रोजी ते निधन पावले. २०२२ चे नोबेल पारितोषिक क्लाउझर, आस्पे व त्सायलिंगर यांना मिळाले. मृतांची त्यासाठी निवड होत नाही.

तीन गृहीतांपैकी कोणते खोटे, हे प्रयोग सांगत नाही. तिसऱ्याचाही कस लावण्यासाठी २०१८ मध्ये अब्जावधी वर्षांपूर्वी दूरच्या ताऱ्यासारख्या ज्योतींपासून निघालेल्या प्रकाशावरून प्रश्न निवडले गेले. मर्यादा तरीही ओलांडली गेली.