सुईची परीक्षा घेणारा दर्यावर्दी

चिकूच्या वाड्या ओलांडून घोलवडच्या किनाऱ्यावर जा आणि मोबाइलवर नकाशा उघडा. निळा ठिपका क्षणात तुमची जागा दाखवेल. आता १५३८ सालात या. ठिपका नाही, हातात फक्त होकायंत्र. आणि तेही खोटं बोलत असेल तर?

हा प्रश्न पडलेला माणूस म्हणजे जुआंव द कास्त्रो. जन्म १५०० सालचा, लिस्बनचा. घराणं मोठं, पण ओढ गणिताची. नामवंत गणिती पेद्रु नुनिश त्याचा गुरू. १५३८ मध्ये तो आरमारासोबत भारताकडे निघाला. सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, यावरून रेखांश कळतो, अशी तेव्हा बऱ्याच जणांची समजूत होती. कास्त्रोने ती तपासायचं ठरवलं. सूर्याच्या सावल्यांवरून खरी उत्तर काढायची, सुईशी ताडून पाहायची आणि लिहून ठेवायचं, हा त्याचा वाटेतला उद्योग. निष्कर्ष? समजूत साफ चुकीची! शेजारच्या लोखंडी तोफेमुळेही सुई बहकते, हेही त्याने पकडलं.

मग गोवा ते दीव हा प्रवास. बंदरं, खाड्या, खडक, पाण्याची खोली, सगळं त्याने टिपलं, किनाऱ्याची चित्रं काढली. घारापुरी आणि कान्हेरीच्या लेण्यांचंही वर्णन लिहिलं. वसईजवळ सुई पुन्हा भरकटली, तेव्हा त्याने दोष दिला तिथल्या खडकांना. आपल्या काळ्या दगडात चुंबकीय खनिजं असतात, हे आज आपल्याला माहीत आहे! १५४१ मध्ये तो तांबड्या समुद्रातून थेट सुएझपर्यंत गेला आणि तोही किनारा नोंदवून आला.

पण हे नकाशे कोणासाठी होते? आरमारासाठी. १५४५ मध्ये कास्त्रो गोव्यात गव्हर्नर झाला. दीवच्या वेढ्यात त्याचा मुलगा फेर्नांदु मारला गेला. १५४६ मध्ये कास्त्रोने लढाई जिंकली आणि त्याच्या आरमाराने गुजरातच्या किनाऱ्यावरची गावं जाळली. दीवचा किल्ला पुन्हा बांधायला पैसे नव्हते, तेव्हा त्याने स्वतःच्या दाढीचे केस गोवेकरांकडे तारण म्हणून पाठवले! १५४८ मध्ये गोव्यातच तो वारला. किनारा इतक्या बारकाईने पाहणारा आणि तिथली गावं जाळणारा माणूस एकच होता, हे विसरून चालणार नाही.

त्याची पद्धत मात्र घेण्यासारखी आहे. पुढच्या सुट्टीत किनाऱ्यावर एक सरळ काठी रोवा. भर दुपारी तिची सगळ्यात आखूड सावली उत्तर-दक्षिण रेषेत पडते. शेजारी साधं होकायंत्र ठेवा आणि स्वतः ताडून बघा.