नहेम्या गोरे शास्त्री

आंबिवलीच्या बाजूस एखाद्या घरीं तान्हें लेंकरूं गेलें म्हणजे दारांत बसलेलीं माणसें हळूच पूर्वजन्मीच्या पापाची गोष्ट काढतात. अशा वेळीं आपला उपदेशक गप्प बसतो. देव दयाळू व सर्वसमर्थ असतां निरपराध जिवास दुःख कां, याचें उत्तर त्यासही सांपडत नाहीं. प्रिय वाचकहो, हाच प्रश्न एका थोर पंडितानें ख्रिस्ती लोकांस विचारिला होता. त्याचें चरित्र थोडक्यांत देतों.

नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ सालीं झांशीजवळील काशीपुरा येथें कोंकणस्थ ब्राह्मण कुळांत झाला. काशींत राहून त्यांनीं संस्कृत शास्त्रांचें अध्ययन केलें. जॉन म्यूर साहेबांनीं १८३९ त 'मतपरीक्षा' नांवाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ ठरविला होता. त्यास शास्त्रीबुवांनीं 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या ग्रंथानें उत्तर दिलें. तेव्हां त्यांचें वय अवघें वीस वर्षांच्या आंतबाहेर होतें. तान्हीं मुलें व मुकीं जनावरें कोणत्या अपराधास्तव दुःख भोगितात? मनुष्य पडेल हें ठाऊक असून देवानें त्यास पडण्याजोगी मोकळीक कां दिली? पूर्वजन्माचें कर्म मानल्याविना देव न्यायी ठरत नाहीं, असा त्यांचा रोख होता.

पुढें काशींतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशीं वाद करितां करितां त्यांचें मन पालटलें. घरच्यांचा विरोध सोसून १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व नहेम्या हें नांव धारण केलें. कोणीं बळजबरी केली नाहीं. ज्या मोकळिकीविषयीं ते तक्रार करीत होते, तिच्याच योगें ते प्रभूकडे आले.

परंतु दुःख टळलें नाहीं. १८५३ सालीं कन्या जन्मली आणि थोड्याच काळांत पत्नी लक्ष्मीबाई वारल्या. आईवेगळी एलन मिशनरी कुटुंबांत वाढली व पुढें गीतकर्त्री म्हणून नांवाजली.

१८६० त त्यांनीं हिंदींत 'षड्दर्शनदर्पण' लिहून कर्मसिद्धांताचीही परीक्षा केली. आजचें दुःख मागील कर्माचें, तें कर्म त्याहून मागील जन्माचें, असें मागें मागें गेल्यास आरंभच सांपडत नाहीं. शिवाय जो अपराध आठवत नाहीं, त्याची शिक्षा भोगून मनुष्य सुधारावा कसा?

१८७० सालीं त्यांस पाळकपणाची पूर्ण दीक्षा मिळाली. पुण्यास त्यांनीं बहुत सेवा केली, व त्यांच्या लेखनाचा पंडिता रमाबाईंच्या मनावर मोठा परिणाम झाला. १८९५ च्या आक्टोबरांत मुंबईस त्यांचा अंत झाला. शंकांनीं त्यांस जन्मभर गांठलें. तरी त्यांनीं त्या लपविल्या नाहींत व प्रभूसही सोडिलें नाहीं.

बंधूंनो, जन्मांधास पाहून शिष्यांनींही पाप कोणाचें म्हणून विचारिलें होतें. प्रभूनें त्याच्यावर किंवा त्याच्या आईबापांवर दोष ठेविला नाहीं. त्यास दृष्टि दिली. लाजाराच्या कबरेपाशीं तो स्वतः रडला, व अखेरीस निरपराध असून वधस्तंभावर गेला. मनुष्याच्या मोकळिकीचें वाईट फळ त्यानें आपल्याच अंगीं घेतलें. म्हणून शोकाच्या घरीं जाल तेव्हां पापाचा हिशेब मांडूं नका. उत्तर न सुचल्यास लाजूं नका. त्या आईबापांजवळ बसा, त्यांच्याबरोबर रडा, आणि जो कबरेपाशीं रडला त्याचें नांव सांगा.